ओट्यापासून पारापर्यंत: एकट्या पडलेल्या वृद्धांचे हातपाय चालते कसे ठेवावेत

माझी आत्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात राहते. तिचे यजमान वारले त्या वर्षी घरच्यांनी तिची फार काळजी घेतली. सकाळचा चहा बाजेवर, तोंड धुवायला तांब्या बाजेपाशी, जेवणाचे ताट बाजेवर, आणि भेटायला येणारी माणसेही बाजेच्या काठाशी टेकून चार शब्द बोलून निघून जात. वर्ष सरता सरता तिला बाजेवरून उठायला नातवाचा खांदा लागू लागला. गुडघेदुखी जुनीच होती, तिच्यात नवे काही घडलेले नव्हते. तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नेले, तर तिथे तिला उभे करूनही न पाहता ‘वय झालं, आता असंच चालायचं’ असे सांगण्यात आले. आम्हीही ते मानून घरी आलो.

तिचे काय झाले ते पुढे येईलच. हा मजकूर घरातल्या सुनेसाठी, पुण्याला किंवा नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलासाठी, शेजाऱ्यासाठी आणि गावातल्या आशाताईंसाठी आहे, आणि त्यामागचा विचार आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या माणसाला नुसता व्यायाम सांगितला तर तो आठवडाभर टिकतो. नुसती सोबत दिली तर माणूस सुखावतो, पण पाय होते तसेच राहतात. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बसवाव्या लागतात, म्हणजे आपल्या पायांनी जावे लागेल असे एक ठिकाण हवे आणि तिथे आपली वाट पाहणारे कोणीतरी हवे.

एकटे पडणे आणि पाय जाणे

ज्याच्याकडे दिवसचे दिवस कोणी येत नाही आणि ज्याचे कुठे जाणे-येणे उरलेले नाही, तो माणूस समाजापासून तुटलेला असतो. भरल्या घरात राहूनही ज्याला आपले असे कोणी वाटत नाही, तो एकाकी असतो. पहिली गोष्ट बाहेरून मोजता येते, दुसरी त्या माणसालाच विचारावी लागते. खेड्यात आपली फसगत होते ती घर भरलेले दिसते म्हणून. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत सकाळी घरातली सगळी माणसे वावरात जातात, ती दिवेलागणीला परततात, स्वयंपाक-जेवण करून झोपतात. आणि एकत्र कुटुंबातला म्हातारा दिवसाचे नऊ-दहा तास कोणाशी एक शब्द न बोलता काढतो.

अमेरिकेत साठीपुढच्या १,६०४ लोकांचा सहा वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आंघोळ करणे, कपडे घालणे, अंथरुणातून उठणे अशा रोजच्या क्रिया करण्याची क्षमता घटल्याचे प्रमाण एकाकी वाटणाऱ्यांमध्ये २४.८ टक्के आणि इतरांमध्ये १२.५ टक्के आढळले. हे आकडे आपल्या गावाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण जे घडते ते आपण ओळखतो. कुठे जायचे नसले की माणूस उठत नाही, आणि उठत नसला की मांड्यांमधले मांस झपाट्याने उतरते. २००७ मधल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दहा दिवस केवळ अंथरुणात ठेवले, तेवढ्यात त्यांच्या पायांमधले मांस सुमारे एक किलोने कमी झाले. दहा दिवस म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या साध्या तापाची आणि त्यानंतरच्या ‘पडून राहा’ म्हणण्याची मुदत.

हे चक्र उलट्या बाजूनेही फिरते. एकदा न्हाणीत पाय घसरतो, मग पडण्याची भीती बसते आणि माणूस बाहेर जाणे टाळतो. ऐकू कमी येऊ लागले की चारचौघांत उत्तर चुकते, लोक हसतात, मग त्या चारचौघांत जाणेच नको वाटते. मोतीबिंदू झालेला माणूस दिवे लागल्यावर देवळात जात नाही. आणि जिला शिंकताना, खोकताना लघवी सुटते, ती बाई कीर्तनाला का येत नाही हे ती कधीच सांगत नाही. ‘गुडघे दुखतात’ एवढेच सांगते. कारण यांपैकी कोणते आहे हे कळल्याशिवाय पुढची खटपट वाया जाते, म्हणून सुरुवात पाहण्यापासून करावी.

आठवडाभर पाहावे, मग मोजावे

एक साधी वही घ्यावी. सात दिवस रोज रात्री दोन नोंदी कराव्यात. पहिली नोंद आज ही व्यक्ती कुठवर गेली याची: बाज, माजघर, ओटा, गल्ली, पार किंवा देऊळ, की गावाबाहेर. दुसरी नोंद ती आज कोणाशी बोलली याची. त्यात ‘जेवण वाढू का’, ‘गोळी घेतली का’ असली वाक्ये धरू नयेत. सात दिवसांत ओट्यापुढे एकदाही जाणे झाले नसेल आणि घराबाहेरच्या माणसाशी दोनदाही बोलणे झाले नसेल, तर पुढचे सगळे त्या व्यक्तीसाठीच लिहिले आहे असे समजावे.

संबंध किती उरले आहेत हे पाहण्यासाठी लुबेन यांची सहा प्रश्नांची पट्टी जगभर वापरतात. महिन्यातून एकदा तरी ज्यांची भेट किंवा खबरबात होते असे नातेवाईक किती, ज्यांच्याशी मनातले बोलता येते असे किती, अडचणीत हाक मारता येईल असे किती; आणि हेच तीन प्रश्न मित्र-शेजाऱ्यांबद्दल. एकही नसेल तर शून्य, एकाला एक, दोघांना दोन, तीन-चार असतील तर तीन, पाच ते आठ असतील तर चार, नऊ किंवा त्याहून अधिक असतील तर पाच गुण. तीसपैकी बारापेक्षा कमी गुण पडले तर माणूस एकटा पडण्याच्या वाटेवर आहे. हे प्रश्न परीक्षेसारखे विचारू नयेत. तुरीच्या शेंगा सोलता सोलता गप्पांत विचारावेत आणि गुण मागाहून मांडावेत.

पायांची परीक्षा याहून सोपी आहे. हात नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. प्लास्टिकची खुर्ची घसरते, ती नको. दोन्ही हात छातीवर बांधून, हातांचा आधार न घेता पाच वेळा पूर्ण उभे राहून बसायला सांगावे आणि मोबाइलवर वेळ मोजावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांसाठीच्या मार्गदर्शिकेत ही मर्यादा चौदा सेकंदांची आहे. त्याहून जास्त वेळ लागला किंवा पाच वेळा उठणे जमलेच नाही, तर पायांतली ताकद कमी झाली आहे. मग जमिनीवर चार मीटर दोरी मोजून ठेवावी आणि तिच्या कडेने नेहमीच्या चालीने चालायला लावावे. पाच सेकंदांहून अधिक वेळ लागला तर चाल मंदावली आहे असे धरावे. शेवटी तोल पाहावा: आधी पाय जुळवून, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूला ठेवून, मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत, प्रत्येकी दहा सेकंद. या वेळी कोणीतरी अगदी मागे, हात लांबवला की धरता येईल इतक्या अंतरावर उभे असायला हवे. आमच्याकडे एका आबाजींना मी दोरीच्या कडेने चालायला लावले, तेव्हा ते म्हणाले, “काहून गा मास्तर, मले काय शर्यतीत पळवतं?” आणि पाचवर होणारे काम चारमध्ये केले. म्हणून घाई करू नका, रोजच्यासारखे चाला, हे दोनदा सांगावे.

आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा गोष्टींपैकी कशाला मदत लागते तेही वहीत लिहून ठेवावे. यांतली एखादी गोष्ट गेल्या दोन-तीन महिन्यांतच अवघड झाली असेल तर तिच्यावर खूण करावी, कारण नुकतीच गेलेली क्षमता बऱ्याचदा परत मिळवता येते.

आधी डॉक्टर कधी

काही गोष्टींत गल्लीतली फेरी वगैरे बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे, चालताना छातीत दुखणे किंवा दम लागणे, पडल्यानंतर पायावर भार न घेता येणे, काही दिवसांतच गोंधळल्यासारखे बोलू लागणे, कारण नसताना वजन उतरणे, ही ती लक्षणे आहेत. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. गोळ्यांची सगळी पाकिटे, वैदूने दिलेल्या पुड्यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांसाठी तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांचा वेगळा कक्ष व फिजिओथेरपी यांची तरतूद आहे. आपल्या केंद्रात तो दिवस कोणता, हे आशाताईंना विचारावे. त्यांच्याकडच्या तपासणी फॉर्ममध्येही साठीपुढच्या माणसांसाठी उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, असे प्रश्न आहेत. तो फॉर्म घरी बसून अंदाजाने न भरता त्या माणसासमोर भरला जाईल एवढे पाहावे. डोळे आणि कान तपासून घेणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. कानात साचलेला मळ काढल्यावर माणूस पुन्हा पारावर जाऊन बसू लागल्याचे मी पाहिले आहे.

बाजेपासून दारापर्यंत

घरातून बाहेर पडायचे तर आधी घर ओलांडता आले पाहिजे. आपल्या जुन्या घरांत उंबरठा उंच असतो, माजघरात अंधार असतो आणि न्हाणीतल्या फरशीवर शेवाळ असते. त्या माणसाच्या मागोमाग बाजेपासून अंगणापर्यंत एकदा सावकाश चालावे. तो जिथे भिंत, खांब किंवा दार धरतो, ती प्रत्येक जागा खडूने खुणावून ठेवावी. त्या खुणांवर आधार हवा आहे. न्हाणीत आणि संडासात गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइप भिंतीत पक्का बसवून घ्यावा, उंबरठ्याशी खांद्याच्या उंचीवर पकडायला काहीतरी असावे, आणि रात्रीच्या वाटेवर एक छोटा दिवा चालू ठेवावा. बाज ढिली होऊन खोल गेली असेल तर कसून घ्यावी. खोल बाजेवरून उठणे म्हाताऱ्या माणसाला फार जड जाते आणि दोष मात्र गुडघ्यांना मिळतो.

काठीची उंची बहुतेकांची चुकलेली असते, कारण ती वडिलांची किंवा नवऱ्याची असते. चप्पल घालून, हात सरळ खाली सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीशी काठीची मूठ यायला हवी. एक पाय दुखरा असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. आपल्याकडे जवळजवळ सगळे लोक ती दुखऱ्या पायाच्या बाजूलाच धरतात. काठीच्या टोकाला रबर असावे. झिजले की बदलावे. चष्मा, कानाचे यंत्र, काठी, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद २०२४ मध्ये झाली आहे. अर्ज भरण्याचे काम नातवंडाला सांगावे, पण कागदांवर सही करायला आजीला कार्यालयात घेऊन जावे, तीही एक फेरीच आहे.

ठिकाण ठरवणे

‘जरा फिरून या’ असे म्हणून म्हातारा माणूस फिरत नाही. जन्मभर ज्याने कामाशिवाय पाऊल उचलले नाही, त्याला विनाकारण चालणे हे शहरातल्या लोकांचे खूळ वाटते, आणि मला त्यात त्याची काही चूक दिसत नाही. त्याला कारण द्यावे लागते.

आत्याचे कारण आम्ही शोधलेले नव्हते, ते आपोआप चालत आले. भाद्रपदी पौर्णिमेला शेजारच्या तिसऱ्या घरी मुलींनी भुलाबाई मांडली. गाणी मोबाइलवरची होती आणि मुलींना ती पुरी पडेनात. त्यांच्यापैकी एकीने येऊन आत्याचा हात धरला, “आजी, तू नाही आली त गाणं कोण सांगन?” पहिल्या दिवशी दोघींच्या आधाराने ती तिथवर पोचली आणि परतताना मध्ये एका ओट्यावर बसली. पाचव्या दिवशी काठीवर गेली. खाऊ ओळखायच्या वेळी ती मुद्दाम चुकीची नावे घ्यायची, मुली हसून लोळायच्या. महिनाभर हे चालले. कोजागिरी झाली तेव्हा ती बाजेवरून स्वतः उठत होती, आणि या काळात औषध म्हणून आम्ही तिला नवे काहीही दिलेले नव्हते.

यातून जे शिकलो ते असे. ठिकाण आज जेवढे चालता येते त्याच्या आतले असावे. पन्नास पावले जमत असतील तर तीस-चाळीस पावलांवरचे घर निवडावे, कारण परतही यायचे असते. वाटेत एक-दोन बसायच्या जागा असाव्यात. दोन शेजाऱ्यांना ‘आजी तुमच्या ओट्यावर टेकतील’ एवढे सांगून ठेवले की पुरते. तिथे जे काम असेल ते त्या माणसाशिवाय अडेल असे हवे, नुसते मन रमवण्यापुरते नको. आणि वेळ ठरलेली असावी, म्हणजे उशीर झाला तर पलीकडचा माणूस हाक मारायला येईल.

कामे शोधली की सापडतात. देवळातला सांजदिवा लावणे, समाजमंदिराची किंवा वाचनालयाची किल्ली सांभाळून ठरल्या वेळी कुलूप उघडणे, शाळा सुटताना नातवाला घेऊन येणे, अंगणवाडीत मुलांना गोष्ट सांगणे. तुकडोजी महाराजांच्या प्रेरणेने विदर्भातल्या अनेक गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, बुद्धविहारांत वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचन चालते, कार्तिकात पहाटे काकडा असतो. इथे चटया अंथरण्याचे किंवा हजेरी घेण्याचे काम मागून घ्यावे. आमच्या गल्लीतले एक काकाजी बैलजोडी विकल्यापासून घराबाहेर पडेनासे झाले होते. शेजाऱ्याने त्यांना रोज संध्याकाळी आपल्या कोठ्यात येऊन बैलांवर नजर टाकून जायला सांगितले. शेजाऱ्याला खरोखरच त्यातले कळत नव्हते, त्यामुळे विनंतीत खोटेपणा नव्हता. काकाजी खांद्याला हात लावून पाहतात, खुरे पाहतात, शेजाऱ्याला दोन शब्द ऐकवतात आणि परत येतात. कोठा घरापासून दीडशे पावलांवर आहे.

ओझे उचलायचे काम मात्र देऊ नये. हातात दुधाची कॅन असेल तर काठी धरता येत नाही आणि पडल्यावर हात टेकता येत नाही. न्यायचेच असेल तर खांद्याला अडकवायची पिशवी बरी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पार हा शब्द मी शीर्षकात घेतला असला तरी पार सगळ्यांचा नसतो. बायका सहसा पारावर बसत नाहीत, आणि कोणी कुठे बसावे हे बऱ्याच गावांत अजूनही न बोलता ठरलेले आहे. ज्या जागी आपल्या माणसाकडे वळून पाहिले जाईल किंवा त्याला अवघडून बसावे लागेल, ती जागा कितीही जवळ असली तरी निवडू नये. विधवा बाईचा प्रश्न आणखी वेगळा आहे. नवरा गेला त्या दिवसापासून हळदीकुंकू, ओटी, लग्नाच्या आधीचे कार्यक्रम, यांची आमंत्रणे एकदम थांबतात, म्हणजे तिची निम्मी जाणी-येणी एका दिवसात संपतात, आणि वर्षभराने आपण तिच्या गुडघ्यांना तेल लावतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गावात ठराव होईल तेव्हा होवो, एका घराने एका बाईला संक्रांतीचे आमंत्रण द्यायला ग्रामसभा लागत नाही.

ओट्यावरचा व्यायाम

फेरी सुरू झाल्यावर तिला जोड म्हणून थोडा व्यायाम घालावा, तोही एकट्याने नको. दोन-तीन म्हातारी माणसे एकाच ओट्यावर जमली तर एकमेकांची हजेरी घेतात.

ओटा गुडघ्याएवढा उंच असेल तर त्यावरून, नाहीतर भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवरून, उठ-बस हा मुख्य व्यायाम आहे. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. उठताना पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यावीत, छाती पुढे झुकवावी आणि मग उठावे. बसताना धप्पकन न बसता तीन आकडे मोजत खाली यावे, कारण मांड्या घडतात त्या या सावकाश बसण्यात. तीन-चार दिवसांनी एक वेळ वाढवत दहा-बारापर्यंत जावे, मग एक हात सोडावा, मग दोन्ही. दुसरा व्यायाम खांब धरून टाचा उचलण्याचा, दहा वेळा. तिसरा खांबाला एक हात लावून एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा. खांबावरचा हात आधी पूर्ण, मग दोन बोटे, आणि अंगात बळ आल्यावर नुसता जवळ. व्यायाम करताना बोलता आले पाहिजे; बोलताना धाप लागत असेल तर थांबावे. दुखणे संध्याकाळपर्यंत निवळले तर चालते, पण सांधा सुजला किंवा दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिला तर संख्या निम्मी करावी.

या वयात ताकद कुठून येणार, असे कोणी म्हटले तर त्याला १९९० मधला बोस्टनचा प्रयोग सांगावा. नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे वजनाचा व्यायाम देखरेखीखाली दिला, तेव्हा त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम व एकूण १५० मिनिटे दमदार चालणे सुचवते. बाजेवरून नुकत्याच उठलेल्या माणसापुढे हा आकडा ठेवू नये. त्याला पाच मिनिटांनी सुरुवात करू द्यावी.

जेवणाचेही थोडक्यात सांगतो. मांस चढायचे तर प्रथिने हवीत. वयस्कांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम एवढे प्रमाण तज्ज्ञ सुचवतात, म्हणजे पन्नास किलोच्या आजीला पन्नास-साठ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. दात नसलेली माणसे भाकरीचा पापुद्रा वरणाच्या पाण्यात कुस्करून खातात आणि डाळ तळाशी राहते. वरण घट्ट करावे, झुणका-पातोडी करावी, चालत असेल तर रोज एक अंडे द्यावे, आणि ताट बाजेवर न देता चुलीजवळ किंवा पाटावर, सगळ्यांच्या पंगतीत द्यावे. एकटे जेवणारा माणूस कमी जेवतो हे कोणत्याही सुनेला ठाऊक असते.

ऊन, पाऊस आणि फोन

विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला पोचतो, त्यामुळे वर्षातले दोन-अडीच महिने दिवसाच्या फेऱ्या बंदच ठेवाव्या लागतात. फेरी सकाळी आठच्या आत उरकावी किंवा दिवस मावळल्यावर करावी, निघण्याआधी पाणी किंवा आंबील प्यावे, डोक्याला दुपट्टा असावा. दुपारी मात्र दोन घरच्या म्हाताऱ्यांनी एकाच थंड माजघरात जमावे आणि उठ-बस तिथेच करावी. पावसाळ्यात चिखलाची वाट टाळून पलीकडच्या घराऐवजी अलीकडचे घर धरावे. हंगामात घर रिकामे असते तेव्हा जे शेजारी वावरात जात नाहीत, त्यांच्याशी आधीच बोलून दुपारची एक वेळ ठरवावी.

फोनचे म्हणाल तर तो उपयोगी आहे, पण फोनने पाय उठत नाहीत. बाहेरगावच्या मुलाचा फोन ‘जेवलीस का, गोळी घेतलीस का’ यावर दोन मिनिटांत संपतो. त्याऐवजी रोजची वेळ ठरवून, आईची फेरी झाल्यानंतर फोन करावा आणि तिथे कोण होते, काय बोलणे झाले, गुरुवारचा बाजार कसा भरला, हे विचारावे. गावातली खरी बातमी तिच्याकडून घ्यावी. घंटी वाजली म्हणून धावत जायचे नाही, हेही सांगून ठेवावे, कारण तशा घाईत पडलेल्या दोन बायका मला ठाऊक आहेत. मुलगा सुटीवर आला की आईला गाडीत बसवून दारोदार फिरवण्याऐवजी तिच्या चालीने तिच्याबरोबर चालावे. तालुक्याला जायचे असेल तर ७५ वर्षांवरील व्यक्तींना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे. बहिणीला, व्याह्यांना भेटायला हे पुरे होते. एसटीची पायरी उंच असते, तेव्हा चढताना बरा पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा.

कोणी मनाने फारच खचलेले वाटले, जगणे नको म्हणू लागले, तर टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. वृद्धांच्या अडचणींसाठी, त्यात घरातल्या हेळसांडीचीही तक्रार आली, १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत.

पुन्हा मोजणी

तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच दोरीच्या कडेने, शक्यतो दिवसाच्या त्याच वेळी पुन्हा मोजावे आणि आकडे जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत. उठ-बस दोन-तीन सेकंदांनी कमी झाली असेल तर ठिकाण थोडे लांबचे करावे. आकडे तिथेच असतील आणि माणूस रोज बाहेर जात असेल, तर त्यातही समाधान मानून फेरी चालू ठेवावी. आकडे घसरले असतील तर आधी वहीची मागची पाने चाळावीत. बहुतेक वेळा मध्ये एखादा ताप, एखादे लग्नघर किंवा पलीकडच्या माणसाचे गावाला जाणे सापडते.

असा खंड पडला की पहिल्याच दिवशी जुने अंतर गाठायला लावू नये. जितके दिवस अंथरुणात गेले त्याच्या किमान दुप्पट दिवस परत यायला लागतील असे मी धरून चालतो. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही. निम्म्या अंतरापासून सुरू करावे, सोबत पहिल्या दिवशीसारखी द्यावी, आणि पलीकडच्या माणसाला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे की, उद्या येणार आहेत, चहा टाकून ठेवा. यंदा माघात आत्याला खोकला होऊन ती बारा दिवस पडून होती. तेराव्या दिवशी ती तिसऱ्या घरी न जाता पहिल्याच घरच्या ओट्यावर बसली, आणि तिसऱ्या घरची बाई चहाचा कप घेऊन तिथे आली.